वापरलेली विजेची मोटार आणि कारखानदाराचा शब्द

गेल्या मार्गशीर्षापासून आमच्या घरीं रात्रीच्या पंक्तीस एकच विषय येऊं लागला होता: सूनबाईंच्या जाण्यायेण्याचें काय करावयाचें? आम्ही राहतों चंद्रपूरच्या जुन्या परकोटाच्या आंत, जटपुरा दरवाजापासून पायीं दहा मिनिटांच्या अंतरावर. सूनबाई शिकवितात मूल येथील एका शाळेंत. अंतर एका बाजूनें सुमारें ५० किलोमीटर. शहर सोडून लोहारा मागें पडलें कीं जंगल लागतें, आणि चिचपल्ली, केळझर ओलांडीपर्यंत तें रस्त्याची पाठ फारशी सोडीत नाहीं. सकाळची बस ठीक. परंतु शाळेंतली एखादी सभा लांबली कीं परतीची बस चुके, आणि मग काळ्यापिवळ्या जीपगाडींत दाटीवाटीनें बसून, किंवा मधेंच उतरून दुसऱ्या वाहनाची वाट पाहत, दिवेलागणीनंतर घरीं येणें होई. या जंगलांतला वाघ हा आमच्याकडे पुस्तकांतला प्राणी नव्हे. सायंकाळचे सात वाजून गेले कीं आमचें कुटुंब ओसरीवर येऊन बसे. कोणी कांहीं बोलत नसे, पण घड्याळाकडे सर्वांचेंच लक्ष असे.

मोटार घ्यावी हें अखेर ठरलें. पेट्रोलची घेतली तर रोजच्या शंभर किलोमीटरांस पगाराचा मोठा हिस्सा जाणार. नवी विजेची घ्यावी तर तेवढा पैसा घरांत नाहीं. तेव्हां चिरंजीवांनीं तिसरा मार्ग सुचविला. ‘‘नाना, वापरलेली विजेची गाडी घेऊं. पण ती बाजारांतल्या दलालाकडून नको. जिनें ती बनविली त्या कंपनीच्याच दुकानांतून घेऊं.’’

एकत्र कुटुंबांत असा खर्च एकट्याचा नसतो. आमच्या वडील बंधूंनीं कांहीं रक्कम दिली, चिरंजीवांनीं थोडें कर्ज काढण्याची तयारी दर्शविली, आणि उरलेल्या भागासाठीं आमच्या आत्याबाईंनीं, वय वर्षें ८४, आपली बँकेंतील ठेव मोडावयास काढली. अर्जावर त्यांनीं सही केली ती आमच्या देखत. सही करून झाल्यावर चष्मा पुसत त्यांनीं एवढेंच विचारलें, ‘‘अरे, दुसऱ्यानें वापरलेली आहे ना ती? मग त्यानें टाकली कां?’’

या प्रश्नाचें उत्तर आम्हांस त्या दिवशीं देतां आलें नाहीं. पुढें तीन महिने आम्हीं जें जें केलें तें त्या उत्तराच्या शोधांतच केलें, असें म्हटलें तरी चालेल.

आम्हीं सारा जन्म मुलांस व्याकरण शिकविलें. ‘वापरलेली’ हें कर्मणि विशेषण आहे. त्यांत क्रिया दिसते, कर्म समोर उभें असतें, पण कर्ता मात्र लपून बसलेला असतो. कोणी वापरली, कशी वापरली, किती निर्दयपणें वापरली, याचा त्या शब्दांत पत्ता नाहीं. पेट्रोलच्या जुन्या मोटारींत या कर्त्याच्या पाऊलखुणा कानास व नाकास कळतात. इंजिनाचा आवाज, धुराचा रंग, तेलाचा वास, यांवरून गल्लींतला मिस्त्री पांच मिनिटांत गाडीची जन्मकुंडली मांडतो. विजेच्या मोटारीस यांपैकीं कांहींच नाहीं. ती नवी असो वा जीर्ण असो, सारखीच मुकी. तिचें आयुष्य तिच्या तळाशीं बसविलेल्या एका सीलबंद पेटींत, म्हणजे बॅटरींत, सांठविलेलें असतें. ती पेटी मिस्त्रीनें उघडावयाची नसते, आणि उघडली तरी त्यास आंत कांहीं दिसावयाचें नाहीं. शिवाय नव्या बॅटरीची किंमत एवढी जबर असते कीं जुन्या गाडींत ती बदलणें म्हणजे जवळजवळ दुसरी जुनी गाडी घेण्यासारखेंच होतें.

या बॅटरींतील लिथियमचे घट दोन तऱ्हांनीं झिजतात. एक, भरण्या-उतरण्याच्या प्रत्येक फेऱ्यानें. दुसरी, नुसत्या काळानें, गाडी जागेवर उभी असली तरीहि. उष्णता या दोन्ही झिजांस वेग देते. बॅटरी काठोकाठ भरून गाडी दिवसेंदिवस रणरणत्या उन्हांत उभी ठेवणें तिला सोसत नाहीं. मोठ्या दाबाच्या जलद चार्जिंगचा नित्याचा मारा हाहि तिला जाच करणाराच. पुण्याच्या किंवा बंगळूरच्या वाचकास ही बाब किरकोळ वाटेल. वैशाखांत जेथें पारा ४६-४७ अंशांवर जातो त्या चंद्रपूरकरास ती तशी वाटत नाहीं. म्हणून गाडीच्या रंगापूर्वीं आम्ही एक गोष्ट विचारूं लागलों: बॅटरी थंड राखण्यासाठीं तीभोंवतीं द्रव खेळविला आहे, कीं सारी भिस्त हवेवरच आहे?

चिरंजीवांचा सल्ला बाजूस ठेवून, स्वस्तांत मिळते म्हणून, आम्ही प्रथम नागपूरच्या एका व्यापाऱ्याकडेच गेलों. त्यानें दाखविलेली गाडी चकचकीत होती. हिरव्या पाटीवर पांढरीं अक्षरें होतीं, म्हणजे खासगी मालकाची. (वाचकांनीं हें ध्यानांत ठेवावें: विजेच्या गाडीची पाटी हिरवी, तीवर अक्षरें पांढरीं असलीं तर गाडी खासगी, पिवळीं असलीं तर भाड्याची.) परंतु कागदांच्या गठ्ठ्यांत चिरंजीवांस विम्याचा एक जुना कागद मिळाला, आणि त्यावर तीच गाडी प्रवासी टॅक्सी म्हणून नोंदलेली होती. अक्षरें मागाहून पांढरीं झालीं होतीं. कायद्यानें तसें करतां येतें. त्यांत गुन्हा नाहीं. पण व्यापाऱ्यानें तें आपण होऊन सांगितलें नव्हतें.

तरीहि आम्हीं फेरी मारून पाहिली. पडद्यावर १०० टक्के दाखवीत गाडी निघाली. बुटीबोरीपर्यंत तीसएक किलोमीटर झाले तेव्हां आंकडा ६१ वर आला होता. तीस किलोमीटरांस ३९ टक्के, तर शंभर टक्क्यांस किती? चवथींतल्या मुलासहि हें त्रैराशिक सुटेल: ७७ किलोमीटर. आमची रोजची गरज शंभरांची. म्हणजे ही गाडी सूनबाईंस घेऊन नेमकी केळझर-चिचपल्लीच्या जंगलांत उभी राहिली असती, आणि तीहि संध्याकाळीं. ‘‘गुरुजी, हें चालविणाऱ्याच्या हातावर असतें,’’ व्यापारी म्हणाला. आम्ही नमस्कार करून परतलों.

आमच्या विदर्भांत विजेच्या टॅक्सींचा संसार तसा नवा नाहीं. २६ मे २०१७ रोजीं नागपुरांत ओला व महिंद्र या कंपन्यांनीं २०० विजेच्या वाहनांचा प्रयोग मोठ्या समारंभानें सुरू केला होता. पण चार्जिंगसाठीं लागणाऱ्या रांगांमुळें चालक लवकरच कुरकुरूं लागले. पुढें एप्रिल २०२५ मध्यें ब्लूस्मार्ट ही विजेच्या टॅक्सींची कंपनी बंद पडली, तेव्हां दिल्ली-बंगळूरकडे हजारों गाड्या एकाएकीं उभ्या राहिल्या. अमेरिकेंतहि हर्ट्‌झ या भाड्याच्या मोटारींच्या कंपनीनें जानेवारी २०२४ मध्यें आपल्या सुमारें २०,००० विजेच्या गाड्या विकावयास काढल्याचें जाहीर केलें होतें. अशा गाड्या पुढें जातात कोठें? त्या कोणाच्या ना कोणाच्या अंगणांत जातातच. त्यांतल्या सर्वच वाईट असतात असें नव्हे; पण त्यांचा कर्ता शेंकडों हातांत वाटला गेलेला असतो, तेव्हां त्याची चौकशी तरी कोणाकडे करावी?

याच सुमारास आमच्या पुतण्याचा कॅलिफोर्नियाहून फोन आला. त्यानें २०२४ सालीं वापरलेली टेस्ला गाडी घेतली होती, आणि तीहि खुद्द निर्मात्याकडून. हा प्रकार आम्हांस नवलाचा वाटला म्हणून आम्हीं त्यास खोदून खोदून विचारलें.

‘‘काका, इथें दुकानदार हा प्राणीच मधें नाहीं,’’ तो म्हणाला. ‘‘लोकांनीं बदली दिलेल्या आपल्याच गाड्या कंपनी परत घेते, तपासते, आणि पुन्हा आपणच विकते. फोनवर यादी पाहायची, किंमत लिहिलेली असते, घासाघीस नाहीं. मी गाडी डोळ्यांनीं पाहिली ती पैसे ठरल्यानंतर.’’

‘‘अरे, मग भरंवसा कशावर ठेवलास?’’

‘‘कंपनीला गाडीचा सगळा इतिहास ठाऊक असतो. आणि हमी लेखी असते.’’

त्या हमीचा तपशील असा. नव्या गाडीवरची चार वर्षांची मूळ हमी जेवढी शिल्लक असेल तेवढी, आणि ती संपल्यावर वापरलेल्या गाडीसाठीं आणखी एक वर्ष किंवा १०,००० मैल. बॅटरीची आठ वर्षांची हमी निराळी, आणि तींत शक्ति ७० टक्क्यांखालीं गेली तर कंपनी जबाबदार. त्याची गाडी २५,००० डॉलरांच्या आंतली होती म्हणून सरकारी करांतूनहि ४,००० डॉलरांची सूट मिळाली. ती सवलत मात्र ३० सप्टेंबर २०२५ नंतर बंद झाली. गमतीची गोष्ट अशी कीं कारखानदारानें गिऱ्हाइकास थेट मोटार विकणें अमेरिकेंतहि सर्वत्र मोकळें नाहीं. टेक्सास राज्यांत टेस्लाचा अवाढव्य कारखाना आहे, पण तेथील कायदा दुकानदारांच्या बाजूचा असल्यामुळें त्याच राज्यांत कंपनीस स्वतःचें विक्रीचें दुकान मांडतां येत नाहीं. कुंभाराच्या घरासमोर मडकें विकावयास बंदी, असा हा न्याय! आपल्याकडे याच कंपनीनें १५ जुलै २०२५ रोजीं मुंबईंत वांद्रे-कुर्ला संकुलांत पहिलें दालन उघडलें आणि मधें दुकानदार न ठेवतां विक्री आरंभिली. परंतु तेथें ज्या गाडीनें आरंभ झाला तिची किंमत साठ लाखांच्या घरांत होती, तेव्हां आमच्या आत्याबाईंच्या ठेवीचा तिच्याशीं संबंध नाहीं.

आतां आपल्याकडील स्थिति. वापरलेल्या गाड्या निर्मात्याच्या नांवानें विकण्याची पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. मारुतीनें २००१ सालीं ‘ट्रू व्हॅल्यू’ या नांवानें ती रूढ केली, टाटांची ‘अ‍ॅश्युअर्ड’ ही तशीच योजना आहे, इतरांच्याहि आहेत. पण पाटीवर नांव कारखानदाराचें असलें तरी गल्ल्यावर बसलेला असतो त्याचा वितरक. हा भेद आम्हांस कळला तो अशा एका दुकानांत बसल्यावरच. निर्मात्याचें व दुकानाचें नांव आम्ही मुद्दामच देत नाहीं.

तेथें एक गाडी मनांत भरली. चार वर्षांची, तीस युनिट बॅटरीची, द्रवानें थंड राखली जाणारी, एकाच खासगी मालकाची. किंमत साडेसात लाखांच्या आसपास.

‘‘सर, निश्चिंत असा, ही कंपनीचीच गाडी आहे,’’ व्यवस्थापक म्हणाले. तरुण होते, बोलणें आदबीचें.

‘‘बिल कोणाच्या नांवाचें मिळेल?’’

‘‘बिल आमच्या फर्मचें.’’

‘‘आणि हमी?’’

‘‘वॉरंटी आहेच ना, सर. गाडीबरोबर असतेच ती.’’

‘‘गाडीबरोबर असते, कीं मालकाबरोबर?’’

यावर ते क्षणभर थांबले. प्रश्न आडमुठेपणाचा नव्हता. आपल्याकडील बहुतेक निर्माते बॅटरीवर ८ वर्षें किंवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकीं जें आधीं होईल तेथपर्यंत, हमी देत आले आहेत. २०२४ पासून कांहींनीं नव्या गाडीच्या गिऱ्हाइकास आयुष्यभराची म्हणून हमी जाहीर केली. परंतु ती पहिल्या मालकापुरती, दुसऱ्याच्या हातीं गाडी गेली कीं तिला मर्यादा पडते. जाहिरातींत पहिला भाग ठळक छापलेला असतो. दुसरा भाग आम्हीं भिंग लावून वाचला. तेव्हां आम्हीं सांगितलें, कीं या गाडीचा सांगाडा-क्रमांक लिहून, बॅटरीची हमी कोणत्या तारखेपर्यंत व किती किलोमीटरपर्यंत आणि ती दुसऱ्या मालकास लागू आहे कीं नाहीं, असें पत्र प्रत्यक्ष निर्मात्याकडून यावें. दुकानाच्या शिक्क्याचें नको.

दुसरी मागणी आम्हीं केली ती याहून चमत्कारिक वाटली असावी. दुकानाच्या तपासणींत बॅटरीची शक्ति मूळच्या ९३ टक्के शिल्लक असल्याचें कागदावर लिहिलें होतें. तो आंकडा गाडीच्याच यंत्रानें स्वतःविषयीं दिलेला. विद्यार्थ्यानें आपली उत्तरपत्रिका आपणच तपासावी तसला हा प्रकार. आमच्या वडील बंधूंचे जावई वीजतंत्री आहेत. त्यांनीं एक साधा सबमीटर बरोबर आणला होता. आम्ही म्हणालों, ‘‘गाडी १० टक्क्यांपर्यंत उतरवूं, या मीटरमधून रात्रभर साध्या प्लगवर भरूं, आणि सकाळीं युनिटें मोजूं.’’

‘‘सर, आजवर कोणी असें मागितलेलें नाहीं,’’ व्यवस्थापक म्हणाले. पण मग हंसले, आणि चौकीदारास खोली उघडावयास सांगितली. या एका गोष्टीसाठीं आम्ही त्यांचे ऋणी आहों.

हिशेब असा. तीस युनिटांची बॅटरी १० पासून १०० टक्क्यांपर्यंत भरावयाची म्हणजे, ती नवीकोरी असती तर, तींत २७ युनिटें मावलीं असतीं. भिंतींतल्या प्लगपासून घटांपर्यंत पोंचतांना वाटेंत सुमारें दहावा हिस्सा उष्णतेंत जातो, म्हणून नव्या गाडीस मीटरवर ३० युनिटें उमटलीं पाहिजेत. सकाळीं मीटरवर आंकडा होता साडेसत्तावीस. त्यांतून दहावा हिस्सा वजा केला कीं उरतात पावणेपंचवीस. आणि २७ पैकीं पावणेपंचवीस म्हणजे जवळजवळ ९२ टक्के. यंत्र म्हणत होतें ९३. आमची ही रीत प्रयोगशाळेंतली नव्हे, दोनचार टक्क्यांची चूक तींत सहज होईल. पण ९३ सांगून ७० निघणारी लबाडी तींतून सुटत नाहीं. मग पुढचें गणित घरीं पाटीवर मांडलें. शिल्लक शक्ति सुमारें साडेसत्तावीस युनिटें. वैशाखांत गारव्याचें यंत्र लावून धांवतांना युनिटास ६ किलोमीटर धरले तरी १६५ होतात. रोजची गरज १००. आणखी पांच वर्षांनीं शक्ति ८० टक्क्यांवर आली तरी १४४. कंपनीच्या पत्रकांत याच गाडीस छापलेला आंकडा तीनशेंच्या वर होता. तो प्रयोगशाळेंतल्या चाकांवर मिळविलेला असतो. त्या चाकांवर खड्डे नसतात, ऊन नसतें, आणि मागच्या आसनावर सासूबाईंनीं दिलेलें तांदुळाचें पोतेंहि नसतें.

पत्र मात्र येईना. आठ दिवस झाले, दहा झाले. दुकानांतून फोन आला कीं दुसरें गिऱ्हाईक तयार आहे, विसार तरी द्यावा. आत्याबाईंची ठेव मोडून पैसा आमच्या खात्यांत येऊन पडला होता. त्यावरील व्याज बंद झालें होतें. घरांत दोन तट पडले. चिरंजीव म्हणाले, ‘‘नाना, इतकें ताणूं नका, गाडी हातची जाईल.’’ सूनबाई कांहीं बोलल्या नाहींत, पण त्याच आठवड्यांत त्या एकदां पावणेआठास घरीं आल्या होत्या. आम्हांस त्या रात्रीं झोंप लागली नाहीं, हें कबूल करतों. आपण सावधपणा करतों आहों, कीं म्हातारपणाचा हेका चालवितों आहों?

अकराव्या दिवशीं निर्मात्याचें पत्र आलें, आणि त्यांतून एक नवीच गोष्ट बाहेर पडली. गाडीच्या तिसऱ्या वर्षाची ठरलेली देखभाल अधिकृत कारखान्यांत झाल्याची नोंदच नव्हती. आणि हमीच्या अटींत अशा नोंदी पाहिजेत असें स्पष्ट होतें. दुकानाच्या चकचकीत तपासणी-पत्रकांत याचा उल्लेख नव्हता. उद्यां बॅटरी बिघडली असती तर कारखानदारानें याच रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलें असतें, आणि दुकानदारानें कारखानदाराकडे बोट दाखविलें असतें. आतां तें विकण्यापूर्वींच निघालें, म्हणून दुकानाला धांवपळ करावी लागली. निर्मात्याच्या तंत्रज्ञानें येऊन बॅटरीचा द्रव, जोडण्या व घटांचीं मापें तपासलीं, आणि आणखी नऊ दिवसांनीं दुसरें पत्र आलें: तपासणी समाधानकारक, बॅटरीची हमी मूळ विक्रीच्या तारखेपासून ८ वर्षें किंवा १,६०,००० किलोमीटर, दुसऱ्या मालकासहि लागू. हें पत्र आम्हीं छापून घेतलें आणि घराच्या दस्तऐवजांच्या पेटींत ठेवलें आहे. खरें विचाराल तर साडेसात लाखांत आम्हीं विकत घेतलें तें हें पत्र. गाडी त्याबरोबर आली.

पहिल्या मालकाची हकीकतहि त्याच कागदांत होती. नागपूरचे एक नोकरदार गृहस्थ; कुटुंब वाढलें म्हणून त्यांनीं त्याच कंपनीची मोठी विजेची गाडी घेतली व ही बदली दिली. ज्यानें पुन्हा त्याच घरची वस्तु घेतली त्यानें पहिली चिडून टाकली नसावी. आत्याबाईंस आम्हीं हें जाऊन सांगितलें. त्या म्हणाल्या, ‘‘मग ठीक.’’

कागदपत्रांचें थोडक्यांत सांगतों. मालकी बदलण्याचे नमुने २९ व ३०. गाडीवर कर्ज असल्यास तें फिटल्याचा नमुना ३५. आणि गाडी नागपूरची, आम्ही चंद्रपूरचे, म्हणून तेथील परिवहन कार्यालयाचें ना-हरकत पत्र. विमा आपल्या नांवीं करण्याचा अर्ज १४ दिवसांच्या आंत करावा. यांत आळस केल्यास अपघाताच्या वेळीं भांडण उभें राहतें. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यानें परिवहन खात्याकडून अधिकारपत्र घ्यावें असा नियम झाला आहे; तें पाहावयास मागावें, लाजूं नये. कराविषयीं लोकांत मोठा गैरसमज आहे. २१ डिसेंबर २०२४ रोजीं जैसलमेर येथें वस्तु व सेवा कर परिषदेनें जुन्या गाड्यांवर, विजेच्या धरून, १८ टक्के कर सुचविला, तो व्यापाऱ्याच्या नफ्यापुरता आहे, सबंध किंमतीवर नव्हे. आणि एका गृहस्थानें दुसऱ्यास गाडी विकली तर तो मुळींच नाहीं.

गाडी आली, पण तिला पाजावयाचें कोठें? आमचा वाडा जुना. जावयांनीं तपासलें तों कळलें कीं इतक्या वर्षांत घराला धड अर्थिंगच नव्हतें. दिवे लागत होते, पंखे फिरत होते, म्हणून कोणास शंका आली नाहीं. गाडीचें चार्जर मात्र चोखंदळ. अर्थिंग नाहीं म्हणतांच लाल दिवा दाखवून उपोषणास बसतें. मग मागच्या अंगणांत खड्डा खणून, मीठ-कोळसा घालून, पट्टी पुरली. १५ अँपियरचा स्वतंत्र प्लग व जाड तार घेतली. महावितरणकडे मंजूर भार वाढवून मागितला. हा खर्च गाडीच्या किंमतींत कोणी सांगत नाहीं, तो घरच्या गृहिणीनें आधींच बाजूस काढून ठेवावा. आलापल्ली-भामरागडकडे ज्यांचें जाणेंयेणें आहे त्यांनीं मात्र वाटेंतल्या चार्जिंगची सोय प्रत्यक्ष पाहून मगच असल्या गाडीचा विचार करावा. गडचिरोली जिल्ह्याचा तीन चतुर्थांश मुलूख जंगलाचा. तेथें त्रैराशिक चुकलें तर रात्र रस्त्यावरच काढावी लागेल.

शेजारचे एक वकील आम्हांस चिडवितात: ‘‘गुरुजी, तुमची गाडी धूर सोडीत नाहीं, पण तिच्यासाठीं दुर्गापूरची चिमणी धूर सोडते!’’ यांत तथ्य आहे. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राचा पहिला संच १९८३ सालीं सुरू झाला; आज त्याची क्षमता २९२० मेगावॅट आहे आणि तो सारा कोळशावर. २००९ सालीं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें देशांतील प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली, तींत आमचें गांव चवथें आलें होतें. विजेच्या गाडीनें चंद्रपूरची हवा शुद्ध केली असें आम्ही कोणास सांगत नाहीं. तो कोळसा मुंबई-पुण्याच्या दिव्यांसाठीं जळतोच आहे. त्यांतला आमचा वांटा आतां आमच्या अंगणांत येतो, एवढेंच.

पहिला उन्हाळा पार पडला. आम्हीं एक वही घातली असून सूनबाई रोज घरीं आल्यावर तींत शिल्लक टक्के लिहितात. फाल्गुनांत ४४-४५ असत. वैशाखांत, ज्या दिवशीं ऊन सर्वांत कडक पडलें, त्या दिवशीं ३६ लिहिले आहेत. वेळ सायंकाळचे पावणेसहा. आमचें कुटुंब अजूनहि ओसरीवर येऊन बसतें, पण आतां भाजी निवडावयास घेऊन.

आत्याबाईंनीं ठेव मोडली तेव्हांच मनांत एक ठरविलें होतें, तें त्यांनीं मागाहून सांगितलें: मार्कंड्यास वैनगंगेवर जावयाचें, आणि तें याच गाडींतून. जाऊन-येऊन एका भरणींत तें होणारें नव्हतें, म्हणून वाटेंत गडचिरोलीस सूनबाईंच्या माहेरीं मुक्काम करून गाडी भरावी असें ठरलें. देवदर्शन उत्तम झालें. मुक्कामीं व्याह्यांच्या अंगणांत तार जोडतांच चार्जरनें लाल दिवा दाखविला; तेथेंहि अर्थिंग नव्हतें. त्या रात्रीं शेजाऱ्यांच्या दुकानांतून गाडी भरून घ्यावी लागली. व्याह्यांनीं आतां खड्डा खणून घेतला आहे, आणि दिवाळीस पुन्हा या असा त्यांचा निरोप आहे.